टाउन कौन्सिलचे मत वाया जात नाही

इंग्लंडमध्ये मे महिन्यातला पहिला गुरुवार जवळ आला की एक ठरलेला पूर्वपक्ष कानावर येतो. गावच्या टाउन कौन्सिलच्या हाती आहे काय? रस्ते, शाळा, वृद्धांची देखभाल सगळे वरच्या कौन्सिलकडे, आणि पैशाच्या नाड्या लंडनकडे. म्हणून ही निवडणूक म्हणजे पंतप्रधानांवरचा राग काढण्याची मधली संधी, एवढाच तिचा अर्थ. निकालानंतरची वर्तमानपत्रेही हाच सूर धरतात: कोणत्या पक्षाने किती जागा घालवल्या, कोणत्या नेत्याची खुर्ची डळमळली. मतदान बहुतेकदा एकतृतीयांशाच्या आसपास अडते. त्याकडे बोट दाखवून सांगितले जाते की लोकांनाच यात रस नाही.

हा पूर्वपक्ष मला मुळातच चुकीचा वाटतो. तो खोडायला सॉमरसेटमधले फ्रूम हे सुमारे 28 हजार वस्तीचे गाव पुरेसे आहे. 2011 साली तिथल्या काही रहिवाशांनी ‘इंडिपेंडंट्स फॉर फ्रूम’ नावाने एकत्र येऊन टाउन कौन्सिल लढवली आणि 17 पैकी 10 जागा जिंकल्या. 2015 मध्ये सगळ्या 17, 2019 मध्ये पुन्हा सगळ्या 17. रस नसलेले गाव असे मत देत नाही. रस होताच; मत देण्याजोगे काही समोर नव्हते. इंग्लंडमधल्या कितीतरी टाउन आणि पॅरिश कौन्सिलांत जागांइतकेही उमेदवार उभे राहत नाहीत, त्यामुळे मतदानच होत नाही. अशा ठिकाणी मतदाराला उदासीन ठरवणे अन्यायाचे आहे.

अधिकार नाहीत, हा आक्षेप अर्धा खरा आहे. टाउन कौन्सिल शाळा चालवत नाही. पण बागा, खेळाची मैदाने, सभागृहे, दफनभूमी, भाजीपाल्याचे भाडेपट्ट्याचे वाफे तिच्याकडे असू शकतात, आणि गावातल्या बांधकाम परवानग्यांवर तिचे मत मागवले जाते. मुख्य म्हणजे काउन्सिल टॅक्समधला आपला वाटा ती स्वतः ठरवते. मोठ्या कौन्सिलांना ठरावीक मर्यादेपलीकडे कर वाढवायचा तर सार्वमत घ्यावे लागते. टाउन कौन्सिलांवर ते बंधन आजवर घातलेले नाही. फ्रूमने हा अधिकार वापरला. तिथे कर वाढला, कर्ज काढले गेले, टाउन हॉल गावाच्या मालकीचा झाला. शिडी, ड्रिल, तंबू अशा वस्तू थोड्या भाड्याने नेण्याचे दुकान 2015 मध्ये निघाले. 2016 मध्ये सामुदायिक फ्रिज आला: उरलेले चांगले अन्न कोणीही ठेवावे, कोणीही न्यावे. 2010 नंतर सरकारने स्थानिक अनुदाने कापली आणि वरच्या कौन्सिलांनी एकेका सेवेतून अंग काढून घेतले, त्या काळात हे घडले. त्या गावाने चालवलेले हे काम मला कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा मोलाचे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पक्षाचे चिन्ह नसेल तर जाब विचारायचा कोणाला? फ्रूमच्या मंडळींनी व्हिप नाकारला. प्रत्येक सदस्याने त्या त्या प्रश्नावर स्वतःच्या बुद्धीने मत द्यावे आणि चर्चेत मत बदलायला कचरू नये, असे कामाचे नियम लिहून ठेवले. त्यांच्यापैकी एक, माजी महापौर पीटर मॅकफेडियन यांनी या प्रयोगावर 2014 मध्ये पुस्तिका काढली. पक्षाच्या आदेशाने हात वर करणाऱ्या सदस्याला जाब विचारणे सोपे असते, असे मला वाटत नाही; तो आदेशाकडे बोट दाखवतो. मात्र एकाच गटाला सगळ्या जागा मिळणे हे मलाही निरोगी वाटत नाही. त्यात दोष आहे सर्वाधिक मते मिळवणाऱ्यालाच जागा देणाऱ्या पद्धतीचा. स्कॉटलंडने 2007 पासून स्थानिक निवडणुकांत पसंतीक्रमाची प्रमाणशीर पद्धत आणली. इंग्लंडनेही ती आणलीच पाहिजे.

माझ्या एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्यांना 2017 ची नॉर्थम्बरलंड कौन्सिलची निवडणूक दाखवावी. साउथ ब्लाइथ प्रभागात दोन उमेदवारांना समसमान मते पडली आणि काड्या ओढून निर्णय झाला. कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार हरला. त्याचा पक्ष 67 पैकी 33 जागांवर थांबला, बहुमताला एक कमी. त्या प्रभागात घरी बसलेल्या एका जरी मतदाराने कोणत्याही बाजूला मत दिले असते, तर काडीची गरज पडली नसती.

हे सगळे स्लाऊ, हॅरो, लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला मी मुद्दाम सांगतो आहे. भारतीय पासपोर्ट असलेला, कायदेशीर परवान्याने राहणारा प्रौढ माणूस राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथल्या स्थानिकच काय, संसदीय निवडणुकीतही मत देऊ शकतो. नुकत्याच आलेल्या जर्मन किंवा फ्रेंच शेजाऱ्याला हा हक्क नाही. 2023 पासून केंद्रावर छायाचित्राचे ओळखपत्र लागते. भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो. ‘आपण इथे पाहुणे’ म्हणून घरी बसणारा माणूस काउन्सिल टॅक्स मात्र दरमहा भरत असतो. त्याने मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधी नाव नोंदवावे, आणि दारावर येणाऱ्या उमेदवाराला पंतप्रधानांबद्दल न विचारता कोपऱ्यावरच्या बागेबद्दल विचारावे.