डिस्क भरली? आधी हिशेब मागा, मग नवी आणा

जळगावचा डाळमिलवाला असो की धुळ्याचा यंत्रमागवाला, गोदामातील मालाचा मेळ बसला नाही तर तो दिवाणजीला जाब विचारल्याशिवाय राहत नाही. परंतु ऑफिसातील संगणकाची डिस्क दर महिन्याला भरत चालली, तर तोच व्यापारी मोठी डिस्क मागवतो, नाहीतर ऑपरेटरला "नको ते पुसून टाक" असे सांगून मोकळा होतो. आमच्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. दुसरा तर धोक्याचा आहे.

धंदा तेवढाच, बिले तेवढीच आणि जागा मात्र दुप्पट जाते, याला कारण असतेच. पुष्कळदा ते रोजच्या बॅकअपमध्ये सापडते. दररोज २ जीबीची प्रत त्याच डिस्कवर पडत असेल आणि जुनी प्रत कोणी काढत नसेल, तर कामाच्या ३०० दिवसांत ६०० जीबी जागा गेली. शिवाय डिस्क बिघडली तर मूळ हिशेब आणि त्याची प्रत, दोन्ही एकदमच जातात.

दुसरे कारण लॉग फाइलचे. एसक्यूएल सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'फुल रिकव्हरी' पद्धत लावलेली असेल, तर लॉगचा वेगळा बॅकअप घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर ही फाइल वाढतच राहते, मग डेटाचा बॅकअप रोज का होईना. ती हाताने पुसली, तर सगळा डेटाच उघडेनासा होऊ शकतो.

तिसरी वाढ मात्र रास्त आहे. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. जीएसटीचे दप्तरही वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते. जागा हवी म्हणून हे पुसणे म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा नष्ट करणे होय.

मग करावे काय? दर जुम्याला डिस्कवरील मोकळी जागा एका वहीत लिहा. विनडिरस्टॅटसारख्या मोफत प्रोग्रामने कोणता फोल्डर किती मोठा आहे ते पाहा. आठ दिवसांनी पुन्हा पाहा. जो फोल्डर वाढला, तोच गुन्हेगार. बेरीज जुळत नसेल तर प्रोग्राम 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालवा. विंडोजचे रिस्टोअर पॉइंटही लपलेली जागा खातात. फाइल कशाची हे कळल्याशिवाय आणि बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतल्याशिवाय काहीही पुसू नका.

कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, लिहून ठेवण्याविषयी आहे. आज ते लिखाण डिस्कवर असते. त्यात आपल्याच नव्हे तर ग्राहकाच्या, मजुराच्या आणि भागीदाराच्या हक्काची नोंद असते. ती अमानत आहे. तिची राखण ऑपरेटरवर सोपवून मालकाला स्वस्थ बसता येणार नाही.