आधी घाम, मग डिझेल

पूरग्रस्तांसाठी मॅरेथॉन भरवू या, दुष्काळासाठी सायकल रॅली काढू या, असे प्रस्ताव आता तालुक्याच्या गावांतही ऐकू येतात. ही वाट मोठी करून दाखवली ती मुंबई मॅरेथॉनने, २००४ पासून. तिथे निधीचे काम ‘युनायटेड वे मुंबई’ पाहते. आपल्या आवडीच्या संस्थेसाठी धावणारा प्रवेशशुल्क भरून थांबत नाही. नातेवाईक, मित्र, ऑफिसातले सहकारी यांच्यापुढे हात पसरतो. मी अशा धावण्याच्या बाजूने आहे. माणूस स्वतः कष्ट उपसताना दिसला की समोरच्याचा हात खिशाकडे जातो, आणि त्यात गैर काहीच नाही.

पण बुलढाणा जिल्ह्यात असा उपक्रम करायचा, तर आयोजकांनी आधी मोताळा तालुक्यातले सिंदखेड पाहून यावे. जिजाऊंचे सिंदखेड राजा वेगळे, हे वेगळे. २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कपमध्ये या गावाने राज्यात दुसरा क्रमांक मिळवला, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या भांडवलीसोबत विभागून. पहिली आली माणचीच टाकेवाडी. पानी फाउंडेशनची ती जलसंधारणाची स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे, अशी ४५ दिवसांची होती. वऱ्हाडात हे दिवस कसे असतात ते सांगायला नको. सकाळचे नऊ वाजले की दगडाला हात लावता येत नाही. अशा उन्हाळ्यात गावच्या गाव पहाटे आणि रात्री कुदळ-फावडे घेऊन माळावर जाते, दीड महिना जात राहते. याहून मोठी दमसासाची शर्यत मला तरी ठाऊक नाही.

या स्पर्धेतले एक साधे अवजार मला फार मोलाचे वाटते. ए-फ्रेम. दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी, आणि वरून दोरीला टांगलेला दगड. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत असे समजायचे. तिथे फक्की टाकायची आणि एक पाय रोवून दुसरा पुढे फिरवायचा. माळावर उमटणारी रेघ वाकडीतिकडी दिसते, पण तिच्यावर खणलेल्या चरात पाणी थांबते आणि मुरते. सरळ दिसावी म्हणून रेघ ओढली, तर पाणी एका टोकाला धावते आणि चर फोडून निघून जाते. चार दिवसांच्या प्रशिक्षणात गावकरी हे शिकून येत.

पैशाचा प्रश्न त्यांनाही होताच. भारतीय जैन संघटनेने पुढे येऊन गावांना जेसीबी-पोकलेन दिली, तरी डिझेल लागतेच, आणि त्यासाठी वर्गणी जमवणे हा गावोगाव स्पर्धेचाच भाग झाला. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी श्रमदान, मग यंत्र. ज्या गावाचे श्रमदान डोळ्यांना दिसते, त्या गावासाठी बाहेर नोकरीला गेलेला मुलगाही पैसे पाठवतो. आपल्या मॅरेथॉनमध्ये हा दुवा तुटलेला असतो. धावणाऱ्याचा घाम रस्त्यावर पडतो, टी-शर्ट, पदक, नाश्ता, मंडप यांचा खर्च वजा होतो आणि उरलेल्याचा धनादेश कुणाच्या तरी हाती दिला जातो. त्यातून कोणाच्या शेतात काय झाले, हे पुढे कुणी विचारत नाही.

हा दुवा बुलढाण्यात जोडता येईल. जुलै २०२३ मध्ये जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत नदी-नाल्यांनी काळी माती खरवडून नेली. अशा जमिनीला तेव्हाच्या सरकारी निकषाने हेक्टरी ४७ हजार रुपये मिळत, तेही ठरावीक मर्यादेत. तेवढ्याने माती परत येत नाही. ती आणावी लागते, आणि जवळची माती म्हणजे तलावातला गाळ. २०१८ मध्ये जैन संघटनेने ‘सुजलाम सुफलाम’ मोहिमेत याच जिल्ह्यात यंत्रे उतरवून तलावांतला गाळ काढला होता. काय करायचे ते इथल्या माणसांना नव्याने शिकवावे लागणार नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की धावण्याचा निधी ‘पूरग्रस्तांना’ अशा मोघम नावाने न जमवता डिझेलच्या आणि ट्रॅक्टरच्या फेऱ्यांच्या हिशेबाने जमवावा. कोणत्या तलावातून किती फेऱ्या, कोणत्या गटनंबरात पडल्या, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाने एक सकाळ त्या शिवारात श्रमदानाला द्यावी, अशी अटही घालावी.

ही अट कुणाला जाचक वाटेल, पण न्यूयॉर्कचा दाखला पाहा. २०१२ मध्ये सँडी वादळानंतर न्यूयॉर्क मॅरेथॉन घ्यायची की नाही यावर वाद पेटला. लोक अंधारात बसलेले असताना शर्यतीच्या मंडपासाठी जनरेटर लावलेले पाहून शहर संतापले, आणि दोन दिवस आधी शर्यत रद्द झाली. ती जिथून सुटायची ते स्टेटन आयलंडच वादळात झोडपून निघाले होते. पण धावायला आलेल्यांपैकी शेकडो जण शर्यतीच्या दिवशी मदतीचे सामान घेऊन तिथेच गेले. आपले धावणारे त्यांच्याहून कमी मनाचे नाहीत. वॉटर कपच्या १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतून जलमित्र म्हणून आलेली गर्दी महाराष्ट्राने पाहिली आहे.

तारीखही विचार करून ठरवावी. धावायला थंडी बरी, म्हणून डिसेंबर-जानेवारीत शर्यत घ्या. पैसे फेब्रुवारीअखेर हातात हवेत, कारण गाळ काढायचा तर तलाव आटलेला लागतो, म्हणजे एप्रिल-मे. आणि मृग लागण्याआधी तो शेतात पसरून झालेला असला, तरच त्याच खरिपात त्या वावरात पेरणी होईल.