देव रजेवर आहे

पहाटे साडेपाचला उठून अमेरिकेतला एन. बी. ए.चा बास्केटबॉल पाहणारा आमच्या बिल्डिंगमध्ये मी एकटाच. १९९७-९८च्या मोसमात पस्तिशीला टेकलेला मायकेल जॉर्डन ८२ पैकी ८२ सामने खेळला, वर अजिंक्यपदही मिळवून दिलंन! आताचे गडी धडधाकट असून सुटाबुटात बाकावर. का, तर म्हणे ‘लोड मॅनेजमेंट’! दुसऱ्या विभागाचा संघ गावात मोसमातून एकदाच येतो. पोराला घेऊन आलेल्या बापानं काय कोट पाहायचा? मोठे पुरस्कार हवेत तर किमान ६५ सामने खेळा, असा नियम २०२३ साली करावा लागला. म्हणजे हापिसातलं मस्टरच की हो!

परवा गजर वाजला.

“उठायचं नाही का?” सौ.नं विचारलं.

“आज माझंही लोड मॅनेजमेंट,” म्हटलं आणि कूस बदलली.