मिसीचा तो फुगलेला सूट कुणी घडवला?

शिबिरात हिप हॉपचा विषय निघाला की आपले तरुण टुपाकपासून सुरू करतात आणि टुपाकवरच थांबतात. बायकांचं नाव आलंच तर "त्या काय, अंगप्रदर्शन करतात" म्हणून विषय बंद. आम्हाला हे अजिबात मान्य नाही. आणि त्या बायकांचे कपडे ठरवणाऱ्या बायका तर कुणाच्या गावीही नसतात.

१९९७ सालचा मिसी एलियटच्या 'द रेन' गाण्याचा व्हिडिओ बघा. अंगात काळा, चकचकीत, हवा भरून टम्म फुगवलेला सूट. तो घडवला जून अ‍ॅम्ब्रोज या स्टायलिस्टने. संगीताच्या बाजाराला तेव्हा सडपातळ, गोरटेली बाई हवी होती. मिसी काळी आणि अंगाने जाड. बाजाराचा सल्ला एकच, झाकून घे. जूनने नेमकं उलटं केलं. तिने ते शरीर इतकं मोठं केलं की पडद्यावर दुसरीकडे नजर जाऊच नये. सूटमध्ये हवा भरायला पेट्रोल पंपावर जावं लागलं होतं, हे पुढे मिसीनेच हसत सांगितलं.

दुसरी मिसा हिल्टन. मेरी जे. ब्लाइजला ढगळ कपडे आणि जाड बूट घालून वस्तीतल्या पोरीसारखं स्टेजवर उभं करणारी हीच. आणि १९९९ च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात लिल किमचा एक स्तन उघडा ठेवणारा जांभळा जंपसूट, तोही हिचाच. यावर आमच्याच भगिनी विचारतात, ही मुक्ती की बाजार? खरं सांगायचं तर दोन्ही. काळ्या बाईचं शरीर विकून रेकॉर्ड कंपन्यांनी पैसा केला, ते आम्ही नाकारत नाही. पण "सभ्य" बाईने काय नेसावं हे ठरवायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

हा प्रश्न आपल्याला नवा आहे का? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, असं बजावलं होतं. कपड्याचं राजकारण आपल्या आज्यांना कळलं होतं.

राहिला श्रेयाचा मुद्दा. हार्लेमच्या डॅपर डॅनने १९८० च्या दशकात बड्या ब्रँडांची चिन्हं वापरून धावपटू डायन डिक्सनसाठी फुगीर बाह्यांचं जॅकेट शिवलं. त्याच ब्रँडांच्या कायदेशीर कारवायांनी त्याचं दुकान बंद पडलं. २०१७ मध्ये गुच्चीने जवळपास तसंच जॅकेट फॅशन शोमध्ये आणलं. काळ्या समाजाने ओरड केली, तेव्हा कुठे डॅनला सोबत घेतलं. गरिबाने केली तर नक्कल, श्रीमंताने केली तर म्हणे आदरांजली!

पुढच्या शिबिरात टुपाकच्या आधी 'द रेन' लावणार आहोत. आक्षेप असणाऱ्यांनी आधी यावं, बघावं, मग भांडू.