टकटक आणि ठेका

आमच्या नागावच्या भजनी मंडळात गेल्या आषाढात एक पेच पडला. मृदंग वाजवणारा मुलगा मुंबईला नोकरीला लागला. येतो तो शनिवारी. एकादशी काही शनिवार बघून येत नाही. तेव्हा कुणीतरी सुचवलं, फोनमधला तबला स्पीकरला जोडू. मी विरोध केला. यंत्र वाईट म्हणून नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर पेटी शिकायला बसलो, तेव्हा असल्याच यंत्रानं माझी खोड पकडली. सोपी ओळ आली की मी पळतो. बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही की चूक झाली एवढं कळतं. ती कुठं, हे आपणच शोधायचं. लयीच्या यंत्राचंही तसंच. ते कुणाची भीड ठेवत नाही.

या सगळ्यांचा पूर्वज म्हणजे मेट्रोनोम. ॲमस्टरडॅममध्ये विंकेल यांनी 1814 मध्ये त्याची युक्ती शोधली. मेल्ट्सेल यांनी तिला आकड्यांची पट्टी जोडून 1815 मध्ये पेटंट घेतलं. नाव अर्थातच मेल्ट्सेल यांचं झालं. कागदपत्रं वेळेवर करावीत! युक्ती मात्र सुंदर आहे. मिनिटाला 60 ठोके हवे असतील तर साधा लंबक जवळजवळ एक मीटर लांब लागतो; 40 ठोक्यांना सव्वादोन मीटर, म्हणजे माणसाहून उंच. मेट्रोनोम पेटीवर मावतो, कारण त्याच्या दांडीला टेकूच्या खाली एक जड वजन आणि वर एक सरकतं वजन असतं. दोन्ही एकमेकांना जवळजवळ तोलतात, म्हणून आखूड दांडीसुद्धा सावकाश झुलते. वरचं वजन आणखी वर सरकवलं की लय मंदावते. किल्लीची स्प्रिंग झोका थांबू देत नाही.

पण त्याची प्रत्येक टकटक सारखीच. आपल्याला तेवढ्यानं भागत नाही. त्रितालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेला खाली येते, डग्ग्याची घुमक थांबते, आणि गाणाऱ्याला कळतं की आपण अर्ध्यावर आहोत, सम अजून पुढं आहे. ठेका लय सांगतो तसा ठिकाणाचा पत्ताही सांगतो. फोनमधला तबला हा पत्ता देतो, म्हणून रियाजाला तो मेट्रोनोमपेक्षा बरा. मुलांना आधी हातावर टाळी-खाली मोजायला शिकवावं आणि मग खुशाल त्याच्यासमोर बसवावं.

देवळात मात्र गजर चढत जातो. कुणी ठरवत नाही. बुवांचा आवाज वर जातो, टाळ दाटतात, मृदंग ते ओळखून पुढं होतो. फोन आपल्या 120 वरच. शिवाय तो एकदा आला की गावात मृदंग शिकायला बसणार कोण?

हे मी तावातावानं बोललो. बुवा शांतपणे म्हणाले, "साहेब, मग तुम्हीच शिका की!"

तेव्हापासून शिकतोय. रोज सकाळी ओटीवर मृदंग मांडीवर, समोर फोन. आठ मात्रांचा भजनी ठेका. अजून मी पळतोच, आणि शेजारच्या वाडीतला माणूस माडावरून ओरडतो, "साहेब, हळू!"