चार चौकटी, कोअर किती?

सुरतेत कोसाड-अमरोलीकडे राहणारी आपली खान्देशी पोरं भरतकामाची डिझाइनं पंच करायला जुना संगणक घेतात, तेव्हा विकणारा टास्क मॅनेजर उघडून चार आलेख दाखवतो आणि ‘चार कोअर’ म्हणतो. तिथे घाई करू नये. २०११ सालच्या आय-३ २१०० आणि आय-५ २४०० या दोन्ही चिपा चारच आलेख दाखवतात. पण पहिलीत खरे कोअर दोनच, दुसरीत पुरते चार. इंटेलने २००२ पासून आणलेल्या हायपर-थ्रेडिंगमुळे एक कोअर ऑपरेटिंग सिस्टिमला दोन भासतो. एकच कारागीर दोन माग सांभाळतो तसं हे: एक अडला की हात दुसऱ्याकडे वळतात, पण माणूस एकच. त्यातून फार तर तीसेक टक्के काम वाढतं, असा तेव्हा खुद्द इंटेलचाच दावा होता. दुप्पट कधीच नाही. म्हणून परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू निवडून आलेखाखालच्या दोन ओळी वाचाव्यात: ‘कोअर्स’ म्हणजे प्रत्यक्ष, ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ म्हणजे भासणारे. लिनक्सवर एलएससीपीयू ही आज्ञा सॉकेट, दर सॉकेटचे कोअर आणि दर कोअरचे थ्रेड (म्हणजे एक कोअर किती भासतो ते) वेगळे सांगते. पहिल्या दोहोंचा गुणाकार म्हणजे खरे कोअर. नुसतं लॉजिकल आकड्याचं निम्मं करणं मात्र आता धोक्याचं, कारण आय-७ १२७०० मध्ये आठ मोठे कोअर दुहेरी आणि चार छोटे एकेरी चालतात: कोअर बारा, लॉजिकल वीस.