पातळ औषध

मराठी स्वयंपाकघरात पातळपणाला पायऱ्या आहेत. ताक पातळ, आमटी सरसरीत, रस्सा पळीवाढा, पिठले दाट, श्रीखंड घट्ट. ‘पळीवाढा’ हा शब्द तर पदार्थ पळीने वाढता येतो की नाही, एवढ्या एकाच कसोटीवर उभा आहे. विमानतळावरील सुरक्षा तपासणीला मात्र द्रव आणि अ-द्रव असे दोनच वर्ग ठाऊक. तिच्या लेखी श्रीखंड, पातळ झालेले तूप, टूथपेस्ट हे सारे द्रवच. भाषेच्या अभ्यासकाने येथे हसावे आणि पुढे जावे. पण हीच व्याख्या औषधाच्या बाटलीपाशी येते तेव्हा हसू मावळते.

नियमामागचे कारण खोटे नाही, हे आधीच नोंदवतो. ऑगस्ट २००६ मध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटके नेऊन अटलांटिक ओलांडणारी विमाने उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उधळला. त्यानंतरच्या दिवसांत ब्रिटनमध्ये प्रवाशांना हातात जवळपास काहीच नेता येत नव्हते. तान्ह्या बाळाचे दूधसुद्धा सोबतच्या माणसाने चाखून दाखवावे लागे. त्याच वर्षाच्या अखेरीस युरोपात आजचा नियम आला: प्रत्येक डबी किंवा बाटली शंभर मिलिलिटरपर्यंतची, आणि त्या सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. आंतरराष्ट्रीय प्रवासात तो पुढे जवळपास सर्वत्र रुळला. नवी स्कॅनर यंत्रे आल्यावर एडिंबरा आणि बर्मिंगहॅम येथे २०२५ मध्ये ही मर्यादा दोन लिटरवर नेली गेली. इतरत्र अनेक ठिकाणी जुनाच दंडक आहे.

यात गंमत अशी की मोजतात ते द्रव नव्हे, भांडे. दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी चार चमचे उरले असले तरी बाटली दोनशेचीच. लक्षणा शिकवताना आपण आधार-आधेय संबंध सांगतो: ‘त्याने दोन ताटे संपवली’ म्हणताना ताटातले अन्न अभिप्रेत असते. येथे उलटे घडते. अन्न ताटाएवढे मानले जाते.

औषधाला या नियमात सूट आहे. प्रवासापुरते लागणारे औषध शंभर मिलिलिटरहून अधिक असले तरी नेता येते. ते वेगळे काढून दाखवायचे, विचारल्यास डॉक्टरांची चिठ्ठी द्यायची. इन्सुलिन तर हातातल्या सामानातच ठेवावे, कारण विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो. कागदावर हे सारे माणुसकीचे आहे. माझा आक्षेप एवढाच की बंदी आपोआप लागू होते, सूट मात्र मागावी लागते. आणि मागायची म्हणजे अनोळखी माणसांच्या रांगेत आपला आजार उच्चारायचा.

काही वर्षांपूर्वी आईला घेऊन धाकट्या भावाकडे जर्मनीला निघालो होतो. तिच्या पर्समध्ये पातळ औषधाची बाटली होती, दोनशे मिलिलिटरची, अर्धी संपलेली. अधिकाऱ्याने हिंदीत विचारले, हे कशाचे? बाहत्तर वर्षांची आई चार परक्या पुरुषांदेखत बद्धकोष्ठ हा शब्द उच्चारणार नव्हती. ती म्हणाली, “खोकल्याचं.” मी पुढे होईपर्यंत चिठ्ठी त्याच्या हातात गेली होती. औषध खोकल्याचे नाही, एवढे त्याला कळले. शिवाय चिठ्ठीवर तिचे सासरचे नाव, आमचे डॉक्टर तिला त्याच नावाने ओळखतात. पारपत्रावर शाळेच्या दाखल्यावरचे माहेरचे. लग्नात नाव बदलण्याची आपली रीत त्याला तिथे उभ्याउभ्या कोण समजावणार? बाटली पिंपात गेली. त्या अधिकाऱ्याला मी फारसा दोष देत नाही. त्याच्यापुढे खोटे बोललेली बाई होती आणि दुसऱ्याच कुणाची वाटणारी चिठ्ठी.

दोष ज्या गोष्टींना द्यायचा त्या साध्या आहेत. मी पाहिलेल्या फलकांवर काय नेऊ नये याची चित्रे ठळक होती. औषधाच्या सवलतीची ओळ बारीक टाइपात, आणि तीही इंग्रजीत. मुंबई, पुणे, नागपूरला ती मराठीत आणि तेवढ्याच ठळकपणे हवी. आजार बोलून न सांगता कागद दाखवून भागेल, हेही तिथे लिहिलेले हवे. दुसरी गोष्ट चिठ्ठीची. औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, ही सूचना भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ मध्येच आली. व्यापारी नाव देशागणिक बदलते, मूळ नाव सहसा बदलत नाही. परदेशी अधिकाऱ्याला वाचता येईल ते हेच. आमच्या चिठ्ठीवर एक वेलांटी आणि एक आडवी रेघ होती.

परतताना भावाच्या तिथल्या डॉक्टरांनी अर्ध्या पानाचे टंकलिखित पत्र दिले: मूळ नाव, मात्रा, पारपत्रावरचे नाव. तपासणीतल्या बाईने ते वाचले, बाटली यंत्रावर ठेवली आणि परत दिली. आईला काही बोलावे लागले नाही. घरी आल्यावर आम्ही आमच्या डॉक्टरांकडून तसेच पत्र घेतले. त्यात दोन्ही नावे घालायला सांगितली तेव्हा ते जरा चकित झाले. तिचे माहेरचे नाव त्यांना तीस वर्षांत कधी कळलेच नव्हते.